दोन सेकंदांचा झटका आणि कॅलेंडरवरचे आकडे

हे प्रकरण लिहायला अण्णांनी आणि त्यांच्या मुलाने परवानगी दिली आहे. गाव, वय आणि घरातले काही तपशील मी बदलले आहेत. स्वतःच्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, कारण त्या वगळल्या तर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.

पार्श्वभूमी

अण्णा चौसष्ट वर्षांचे. औसा तालुक्यात आठ एकर काळी जमीन. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल तर रब्बीत हरभरा-ज्वारी. सहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू होती. तिच्यात टेल्मिसार्टनच्या जोडीला क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवीवाटे मीठ बाहेर काढणारं औषध. साखर काठावर. तंबाखू सोडून चार वर्षं झालेली. एकादशीच्या भजनात टाळ वाजवायचे, हिशोबाला पक्के, आणि गावात कुणाच्या बांधाचा वाद निघाला की 'अण्णांना विचारा' असं लोक म्हणायचे. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. ज्याच्या स्मरणशक्तीवर गाव अवलंबून होतं, त्या माणसाची ही गोष्ट आहे.

दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. सकाळी बशीत चहा ओतून पिताना त्यांचा डावा हात एकदम कोपरात आकसला, त्याच क्षणी तोंडाची डावी बाजू वाकडी झाली आणि बशी मांडीवर पडली. दोन सेकंदांत सगळं जागच्या जागी. शुद्ध गेली नाही, हातातली ताकद गेली नाही. अण्णांनी धोतर झटकलं आणि दुसरा चहा मागितला.

आठवड्याभरात दिवसाला चार-पाच वेळा असं होऊ लागलं. गावच्या डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं आणि कॅल्शियम दिलं. कुणी म्हणालं, वाऱ्याचा झटका आहे, बिदरकडे एक जण तेल देतो. मुलगा त्यांना घेऊन लातूरला माझ्याकडे आला तो तिसऱ्या आठवड्यात.

पहिली भेट

मी जनरल फिजिशियन आहे, मेंदूविकारतज्ज्ञ नाही. तोंड आणि हात एका बाजूला आकसतात म्हटल्यावर डोक्यात दोनच गोष्टी आल्या: अर्धांगाची पूर्वसूचना किंवा मेंदूच्या एका भागातली फिट. सीटी स्कॅन केला, स्वच्छ आला. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, केला, तोही स्वच्छ. साखर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल पाहिलं. सोडियम पाहिलं नाही.

पाहायला हवं होतं. वयस्कर माणूस, अंगात क्लोरथॅलिडोन, नव्याने सुरू झालेले झटके. एवढ्यावर कुणीही इंटर्न सोडियम पाठवतो. त्या दिवशी ओपीडीत नव्वदच्या वर माणसं होती हे खरं, पण ती रोजच असतात.

अण्णांच्या पत्नीने त्या दिवशी एक वाक्य सांगितलं होतं. ते मी केसपेपरवर लिहिलं आणि विसरलो. "झोपेत बी होतंय, आन् दोन पापण्या मिटायच्या आत सरतंय." फिट बहुधा अर्धा-एक मिनिट चालते. दोन-तीन सेकंदांची आणि दिवसातून अनेकदा येणारी गोष्ट वेगळी असते, हा फरक त्या माउलीने माझ्यापुढे ठेवला होता. मी 'फोकल सीझर' असं लिहून कार्बामाझेपिन हे फिटचं औषध २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं.

अडचण वाढत गेली ती अशी

नऊ दिवसांनी अण्णा परत आले. या वेळी स्ट्रेचरवर, कुठे आहोत याचा पत्ता नाही, छातीवर लाल पुरळ. सोडियम ११९. साधारण माणसाचं ते १३५ ते १४५ असतं.

कार्बामाझेपिन सोडियम खाली आणतं, क्लोरथॅलिडोनही आणतं. दोन आरोपी हाताशी होते आणि दोघांनीही थोडा-थोडा गुन्हा केलेलाच होता. दोन्ही बंद केली, तीन टक्क्यांचं सलाइन जपून दिलं, चोवीस तासांत आठच्या वर चढू दिलं नाही. चौथ्या दिवशी सोडियम १२७, अण्णा शुद्धीवर, पुरळ ओसरलेलं. झटक्यांसाठी लेव्हेटिरासेटाम लिहून दिलं आणि घरी पाठवलं. घरचे खूश होते, मीही होतो.

पण १२७ वर आलेलं सोडियम तिथेच अडून बसलं. पंधरा दिवसांनी १२८. दोन्ही औषधं बंद होऊन दोन आठवडे झालेले, तरी चढायचं नाव नाही. मी मनाला समजावलं की वय आहे, जेवण कमी आहे. मग अण्णा चिडचिड करू लागले. एकदा भाकरी गार आहे म्हणून ताट भिरकावलं. जन्मात कधी सुनेला अरे-तुरे न केलेला माणूस. लेव्हेटिरासेटामने चिडचिड होते हे पुस्तकातलं वाक्य मला पाठ होतं, म्हणून तिसरा आरोपीही सापडला.

आज कागद पुढे ठेवून पाहतो तेव्हा हेच जास्त खुपतं. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एक पुरेसं उत्तर होतं: सोडियमला गोळी, पुरळाला गोळी, रागाला गोळी. उत्तरं खोटी नव्हती. पण मूळ झटके का येतात याचं उत्तर त्यांत कुठेच नव्हतं, आणि तीन औषधं पालटूनही ते कमी झाले नव्हते.

वळण

सातव्या आठवड्यात मुलगा आणि सून दोघंही आले. सुनेने भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून सोबत आणलं होतं. आपल्याकडे दुधाचा हिशोब त्याच चौकटींत लिहितात. तिने प्रत्येक तारखेला दुधाच्या आकड्याखाली दुसरा आकडा लिहिला होता.

"हे वरचं दूध हाय, खालचं अण्णांचं झटके. काल बेचाळीस झाले बगा डॉक्टर."

नोव्हेंबरच्या पानावर ४, ५, ७. डिसेंबरच्या सुरुवातीला १५, मग २२, ३०. महिनाअखेरीस चाळिशीच्या घरात. कार्बामाझेपिन सुरू केल्याचा दिवस, लेव्हेटिरासेटाम सुरू केल्याचा दिवस, कशानेही त्या चढाला खळ पडलेला नव्हता. माझ्या केसपेपरवर 'थोडा फरक' असा शेरा होता. तो मी कुठून आणला, देव जाणे.

मुलाने मोबाइलवर काढलेले सात व्हिडिओ दाखवले. सगळ्यांत तेच: चेहऱ्याची एक बाजू आकसते, त्याच क्षणी त्या बाजूचा हात वाकतो, संपतं. बहुतेक वेळा डावीकडे, दोनदा उजवीकडे. बाजू बदलते हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

निघता निघता मुलगा म्हणाला, "सर, अजून एक. परवा बैलजोडी कुठाय म्हणून विचारूलालते. बैल तर तीन वर्षं झाली विकून. त्यांनीच विकले."

मी तिथूनच एका ओळखीच्या मेंदूविकारतज्ज्ञांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा फोन दहा मिनिटांत आला आणि पहिला प्रश्न होता, "सोडियम किती आहे?" मी सांगितलं. "आणि विसरायला लागलेत का?" होय म्हटलं. "मग ही एलजीआय१ ची केस आहे असं धरून चला. दुसरं काही निघालं तर मला आश्चर्य वाटेल."

मेंदूत नेमकं काय बिघडलं होतं

इथे थोडं थांबतो, कारण पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर उभे आहेत.

एक चेतापेशी दुसरीला निरोप देते ती वीज आणि रसायन अशा दुहेरी पद्धतीने. पेशीच्या लांब धाग्यातून विजेचा ठोका टोकापर्यंत येतो. टोकाशी कॅल्शियमची दारं असतात. ठोका आला की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, आणि ग्लुटामेटसारख्या न्यूरोट्रान्समीटरने भरलेल्या बारीक पिशव्या कडेला चिकटून फुटतात. रसायन मधल्या फटीत सांडतं, पलीकडची पेशी ते टिपते. हे सारं एक-दोन मिलिसेकंदांत होतं.

किती सांडायचं, हे ठोका किती वेळ टिकला यावर ठरतं, आणि ठोका थांबवण्याचं काम पोटॅशियम चॅनेलचं. ही चॅनेल्स उघडली की पेशीतलं पोटॅशियम बाहेर धावतं, विजेचा दाब उतरतो, कॅल्शियमची दारं मिटतात, सांडणं थांबतं. आयनांच्या या येण्याजाण्याचं गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर बसवलं. १९६३ चं नोबेल त्यांना मिळालं ते त्याच कामासाठी.

आता खरी गंमत. कॅल्शियम आणि सांडणारं रसायन यांचं नातं सरळ नाही. डॉज आणि रहमिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या चेता-स्नायू जोडावर दाखवलं की रसायनाचं प्रमाण कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. म्हणजे कॅल्शियम वीस टक्क्यांनी वाढलं तर रसायन वीस टक्क्यांनी वाढत नाही. १.२ चा चौथा घात करा: २.०७. दुपटीहून जास्त. पोटॅशियम चॅनेल थोडं जरी ढिलं पडलं, ठोका जरासा जरी लांबला, तरी पलीकडे पूर येतो तो यामुळे.

याचा पुरावा एका माशीने दिला. फळमाशीची एक जात अशी होती की इथरची भूल दिली की तिचे पाय थरथर कापायचे, म्हणून तिच्या जनुकाचं नाव 'शेकर' पडलं. तिच्या चेतांच्या टोकांतून रसायन गरजेपेक्षा जास्त सुटतं हे १९७७ मध्ये दिसलं, आणि १९८७ मध्ये ते जनुक हाती लागलं तेव्हा ते पोटॅशियम चॅनेलचं निघालं. माणसातला त्याचा भाऊबंद म्हणजे केव्ही १.१. अण्णांच्या मेंदूत कमी पडलं होतं ते हेच चॅनेल.

ब्रेक एकाच जातीचा नसतो. कॅल्शियमच्या दारांना खेटून बीके नावाची आणखी एक पोटॅशियम चॅनेल असतात. ती कॅल्शियम आणि वीज दोन्हींचा अंदाज घेऊन उघडतात. ती बंद पाडणारं विष, आयबेरिओटॉक्सिन, आपल्याकडच्या लाल विंचवातून वेगळं काढलं गेलं. माळवदाच्या मातीत आणि दगडाखाली सापडणाऱ्या त्या विंचवाचं विष जगभरच्या प्रयोगशाळांत हा ब्रेक तपासायला वापरतात, हे आमच्या भागातल्या फार लोकांना माहीत नसतं. उलट बाजूनेही याचा उपयोग होतो. लॅम्बर्ट-ईटन या आजारात चेतांच्या टोकांतून रसायन कमी पडतं, तिथे अमिफॅम्प्रिडीन देऊन पोटॅशियम चॅनेल मुद्दाम अडवतात, ठोका लांबवतात आणि स्नायूंना बळ मिळवून देतात. तोच ब्रेक, एकाला सैल करायचा, दुसऱ्याला घट्ट.

अण्णांचं म्हणाल तर त्यांच्या चॅनेलमध्ये जन्मजात काही दोष नव्हता. दोन पेशींमधल्या फटीत एलजीआय१ नावाचं प्रथिन असतं. ते अलीकडच्या काठावरच्या एडॅम २३ आणि पलीकडच्या काठावरच्या एडॅम २२ या प्रथिनांना धरून दोन्ही काठ बांधून ठेवतं, आणि या बांधणीच्या आधाराने केव्ही १.१ आपल्या जागी टिकतं. अण्णांच्या शरीराने या एलजीआय१ विरुद्धच अँटीबॉडी तयार केल्या होत्या. बांधणी सुटली की केव्ही १.१ ची संख्या घटते. रुग्णांकडून घेतलेल्या अशा अँटीबॉडी उंदरांच्या मेंदूत सोडल्या तेव्हा केव्ही १.१ कमी झालं आणि उंदीर ओळखीची वस्तू विसरू लागले. हा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडियम का उतरतं, तर शरीरातलं पाणी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात, हायपोथॅलॅमसमध्येही, एलजीआय१ असतं, आणि तिथल्या गडबडीमुळे शरीर पाणी धरून ठेवतं, त्यात सोडियम पातळ होतं असं मानलं जातं.

बाहेरच्या खोलीत बसलेल्या घरच्यांना मी यातलं निम्मं सांगायचा प्रयत्न केला. ब्रेक, अॅक्सिलरेटर असं काहीबाही बोललो. अण्णांचे धाकटे भाऊ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे दारं धरणारा झोपला म्हणा की. मोटर चालूच, वाफा भरला तरी पाणी येतच राहिलं."

रात्रीच्या लाइटीवर ज्याने दारं धरलंय त्याला याहून नेमकं सांगता येणार नाही. एवढीच दुरुस्ती मी केली: माणूस झोपलेला नाही, तो उभा होता तो बांधच खचलाय.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: अँटीबॉडीची तपासणी पाठवायची, निकाल येईपर्यंत थांबायचं. नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, निकालाला आठ-दहा दिवस लागतात. यात एक खाचखळगाही होता. प्रयोगशाळेच्या यादीत नुसती 'व्होल्टेज-गेटेड पोटॅशियम चॅनेल अँटीबॉडी' अशी स्वस्तातली तपासणीही दिसत होती. नाव ऐकून तीच बरोबर वाटते. पण २०१० मध्ये हे उघड झालं की या रुग्णांतल्या अँटीबॉडी चॅनेलवर बसतच नाहीत, त्याच्या शेजारच्या एलजीआय१ किंवा कॅस्पर२ या प्रथिनांवर बसतात. तेव्हापासून जुनी तपासणी नुसती पॉझिटिव्ह आली तर तिला फारसा अर्थ उरत नाही. तज्ज्ञांनी बजावलं म्हणून आम्ही एलजीआय१ आणि कॅस्पर२ वेगवेगळे दाखवणारा संच पाठवला, आणि पाठीतल्या पाण्यासोबत रक्तही पाठवलं, कारण एलजीआय१ रक्तात जास्त खात्रीने सापडतं.

दुसरा: लगेच स्टेरॉइड. या आजारात फिटच्या औषधांचा गुण कमी, स्टेरॉइडचा जास्त. शिवाय हे विशिष्ट झटके बऱ्याच जणांत विसरभोळेपणाच्या आधी सुरू होतात, आणि झटक्यांच्या टप्प्यावर उपचार झाला तर पुढचा ऱ्हास टळू शकतो. भीती दुसऱ्या बाजूला होती. आमच्या भागात मेंदूचा टीबी दुर्मीळ नाही. टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर घात होतो. साखर काठावर होतीच.

तिसरा: पुणे किंवा मुंबईला पाठवणं. तिथे इम्युनोग्लोब्युलिन (निरोगी लोकांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून देणं), प्लाझ्मा बदलणं, सगळी सोय. मुलाने खर्च विचारला. इम्युनोग्लोब्युलिनचा पूर्ण डोस वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम, बासष्ट किलोच्या माणसाला सव्वाशे ग्रॅम. आकडा लाखांत जातो हे ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "एक एकर काढू." मी त्याला थांबवलं. आधी स्टेरॉइड देऊन पाहायचं हे वैद्यकीयदृष्ट्याही योग्य होतं. नसतं, तर त्याच्या एकराचा विचार मी केला असता का, हे मी स्वतःला अजून विचारतो.

चौथा पर्याय नातेवाइकांकडून आला: म्हातारपण आहे, घरी नेऊ. कॅलेंडर आणणारी सून यावर एकच वाक्य बोलली, "म्हातारपण दोन महिन्यांत येतंय होय?"

काय केलं

एमआरआय त्याच दिवशी लातूरमध्ये झाला. उजव्या टेम्पोरल लोबचा आतला भाग, जिथे आठवणी बनतात, तो सुजून चमकत होता. पाठीतलं पाणी काढलं: पेशी तीन, प्रथिन आणि साखर ठीक, टीबीची जनुकीय तपासणी निगेटिव्ह. छातीचा आणि पोटाचा सीटी स्वच्छ, कारण क्वचित अशा अँटीबॉडीमागे गाठ लपलेली असते. मेंदूला सूज आणणाऱ्या हर्पिस विषाणूची तपासणी पाठवली, पण ताप नाही, दोन महिन्यांचा इतिहास आणि पाणी इतकं स्वच्छ असल्याने त्यावरचं असायक्लोव्हिर सुरू केलं नाही. निकाल पुढे निगेटिव्हच आला.

यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अँटीबॉडीच्या निकालाची वाट न पाहता मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज एक ग्रॅम, पाच दिवस. साखर तीनशेवर गेली, इन्शुलिन लावलं. दुसऱ्या रात्री अण्णा झोपलेच नाहीत, नर्सला शेजारच्या गावच्या पाटलाची गोष्ट सांगत बसले. पाच दिवसांनंतर प्रेडनिसोलोन ६० मिलिग्रॅम तोंडाने, हळूहळू उतरवायचं ठरलं. पाणी दिवसाला एक लिटरवर आणलं.

सुनेचं कॅलेंडर वॉर्डच्या खिडकीला लटकलं. त्या आठवड्याचे आकडे: ४४, ४१, २६, ९, ३, ३, १. दहाव्या दिवशी शून्य. सोडियम १३६, कुठलंही सलाइन चालू नसताना. निकाल अकराव्या दिवशी आला. एलजीआय१ पॉझिटिव्ह, कॅस्पर२ निगेटिव्ह. तोवर त्याची गरज उरली नव्हती, पण तो कागद पुढे उपयोगी पडला.

परिणाम आणि मधली घसरण

दोन महिन्यांत अण्णा पुन्हा भजनाला बसले. हिशोब जमू लागला. दिवाळी ते संक्रांत हा काळ मात्र कोरा आहे. त्याच काळात नातीचं बारसं झालं. फोटोत ते पाळण्याची दोरी धरून हसताना दिसतात, त्यांना आठवत काही नाही. हे परत येईल अशी आशा मी दाखवली नाही.

पाचव्या महिन्यात घसरण झाली. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमवर आलं होतं. कुणा पाहुण्याने सांगितलं, स्टेरॉइडने हाडं कुजतात. साखर वाढलेलीच होती, गोळी कडू, आणि माणूस तर ठणठणीत. एका दिवसात बंद. बाराव्या दिवशी कॅलेंडरवर २. या वेळी सुनेने तिसऱ्या झटक्याची वाट पाहिली नाही. सोडियम १३०.

आता प्रश्न होता की नुसतं स्टेरॉइड वाढवायचं की प्रतिकारशक्ती आवरणारं दुसरं औषध जोडायचं. तज्ज्ञांचा कल रिटक्सिमॅबकडे होता. ते भारतात बनू लागल्यापासून आवाक्यात आलंय. माझा कल मायकोफेनोलेटकडे होता, कारण गोळ्या घरी घेता येतात आणि तपासण्या लातूरमध्ये होतात. आम्ही मायकोफेनोलेट निवडलं. याला पुरेसा शास्त्रीय आधार होता असं मी म्हणणार नाही. त्या घराला झेपेल ते निवडलं. झटके आठवड्यात थांबले. पुढच्या खेपेला असं झालं तर मी रिटक्सिमॅबच्या बाजूने बोलेन.

वेगळं काय करता आलं असतं

सोडियम पहिल्याच दिवशी. हे वर लिहिलंच आहे. ते तेव्हा कमी निघालं असतं तरी मी क्लोरथॅलिडोनलाच दोष दिला असता, हेही खरं. पण निदान कार्बामाझेपिन दिलं नसतं आणि ११९ ची पाळी आली नसती. खरी चूक दुसऱ्या टप्प्यावर झाली: दोन्ही औषधं बंद होऊन दोन आठवड्यांनी सोडियम १२८ वर अडलं तेव्हा. गोळीचा दोष असता तर तोवर ते भरून यायला हवं होतं. तिथे लघवीतलं सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी (लघवी किती दाट आहे ते) पाठवली असती तर निदान दोन-तीन आठवडे आधी लागलं असतं, म्हणजे बहुधा बैलांचा प्रश्न विचारला जाण्याआधी.

व्हिडिओ मागणं. आता माझ्या ओपीडीच्या दारावर कागद लावलाय: 'झटका, चक्कर, हात-पाय वाकडे होणे: मोबाइलवर काढून आणा.' लोक आणतात. त्यातले बरेच निरुपयोगी असतात, एकात नुसती बकरी होती.

स्टेरॉइडची भीती. ती सांगण्यात मी कमी पडलो. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं, आणि 'टेपर', म्हणजे हळूहळू उतरवणे, या शब्दाचा अर्थ मुलाने 'बंद' असा घेतला होता, हे नंतर कळलं. आता गोळ्या उतरवायचं वेळापत्रक मराठीत, तारखांसह देतो.

निकाल यायच्या आधी स्टेरॉइड दिलं याबद्दल एका सहकाऱ्याने टीका केली. त्याचा मुद्दा रास्त आहे: टीबी निघाला असता तर? पण पाठीतलं पाणी तपासून झालं होतं, आणि थांबलेल्या प्रत्येक दिवशी चाळीसवर झटके येत होते. मी पुन्हा तेच करेन.

गेल्या महिन्यात अण्णा तपासणीला आले होते. साखरेची गोळी कायमची मागे लागलीय, प्रेडनिसोलोन पाच मिलिग्रॅमवर आहे. मी विचारलं, आज वार कोणता? ते म्हणाले, "सोमवार. आन् तुमची फी मागच्या खेपेला पन्नासनं कमी होती." खरंच होती. सुनेने नव्या वर्षाचं कॅलेंडर पिशवीतून काढून दाखवलं. दुधाच्या आकड्याखालची जागा पानोपानी रिकामी होती.